साडेबावीस इंची बिऱ्हाड

अमेरिकेत मोटरहोम विकत घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त तिचे टायर विकत घ्यायला लागतो. निदान आमच्या मेहुण्यांना लागला. चाळीस फुटी गाडी त्यांनी एका शनिवारी दुपारी पाहिली. आत ओटा, फ्रिज, पलंग, न्हाणीघर, बटण दाबलं की बाहेर सरकणाऱ्या भिंती आणि सगळ्यात मागे ट्रकला शोभेल असं डिझेल इंजिन. ताईला त्यांनी एवढंच विचारलं, की पडद्यांचा रंग चालेल ना? ताई म्हणाली, बदलता येतील. झाला व्यवहार. याच गृहस्थांनी पुढे सहा टायर घेण्यासाठी अख्खा हिवाळा खर्ची घातला, आणि व्हिसा देईल तेवढ्या मुक्कामावर फिनिक्सला गेलेला मी त्यात फुकटात सापडलो.

निमित्त बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे तिथल्या मराठी मंडळींच्या, अधिवेशनाचं. २०२४च्या जूनअखेरीस ते सॅन होजेला होतं. फिनिक्सहून सातशेएक मैल. विमानानं दोन तासांत पोचता येतं हे ताईनं सुरुवातीलाच सांगून पाहिलं. पण दारात स्वतःचं चालतं घर असताना विमानानं जाणं मेहुण्यांना अपमानास्पद वाटत होतं.

"टायर बघायला हवेत," असं एका सकाळी चहा पिताना ते म्हणाले.

मी बाहेर जाऊन बघून आलो. टायर उत्तम होते. खाचा अशा खोल, की पुण्यातल्या एखाद्या रिक्षावाल्यानं ते बघून डोळ्यांत पाणी आणलं असतं. मी तसं सांगितलं. मेहुण्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. मोटरहोमचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरंच आहे. ही गाडी वर्षातले बरेच महिने उभी असते. उभ्या उभ्या ॲरिझोनाचं ऊन खाते. वरून नवं दिसणारं रबर आतून वाळत जातं. टायरच्या अंगावर डीओटी अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. आमच्या टायरांवर ३४१५ होतं. म्हणजे २०१५च्या चौतिसाव्या आठवड्यातला जन्म. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांपुढे कितीही देखणा दिसला तरी काढून टाका, असं मिशलिनसारखी कंपनी सांगते. आमचे नवव्या वर्षात होते.

हा जन्माचा दाखला कुठे छापलेला असावा याला काही धरबंध नाही. टायर बसवणाऱ्यानं उलटा बसवला असेल तर तो आतल्या अंगाला जातो. मागच्या जोडचाकातल्या आतल्या टायरचा दाखला वाचायला मेहुणे हातात बॅटरी आणि ताईचा हातआरसा घेऊन गाडीखाली सरपटत गेले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. ताईनं त्या पायांना विचारलं, "पोहे करू की उपमा?" आरशात आकडे उलटे दिसत असल्यामुळे आतून उत्तर यायला वेळ लागला.

असो. टायर बदलायचे ठरले. यापुढे एखाद्या सामान्य माणसानं दुकानात फोन करून जुनंच माप सांगितलं असतं. ते माप गाडीत चालकाच्या आसनापाशी एका चकतीवर लिहून ठेवलेलंच असतं: टायर कुठला, रिम कुठली, हवा किती. मेहुणे विजेचे इंजिनिअर. चकतीवर लिहिलंय म्हणून मानायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

आमचं जुनं माप होतं २७५/८० आर २२.५. हे वाचायला मी शिकलो. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. दुसरा उंची, पण मिलीमीटरमध्ये नाही. रुंदीच्या किती टक्के ते. आर म्हणजे रेडियल, ज्याचं पेटंट मिशलिननं १९४६ साली घेतलं. आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. मिलीमीटर, टक्के आणि इंच एकाच दमात म्हणायचे आणि कुणीही हसायचं नाही.

त्या साडेबावीसातल्या अर्ध्या इंचानं माझी एक रात्र खाल्ली. बावीस का नाही, तेवीस का नाही? मेहुण्यांनी खुलासा केला. ट्रकला पूर्वी ट्यूबचे टायर असत, वीस इंची रिमवर. आपल्याकडच्या ट्रकवर १०.००-२० लिहिलेलं असतं ते हेच. ट्यूब गेली तेव्हा रिमची कड तिरकी आणि घडण वेगळी करावी लागली. जुनी वीस इंची रिम आणि नवा ट्यूबलेस टायर यांची चुकून गाठ पडू नये म्हणून मापं अर्ध्या इंचाची ठेवली: साडेएकोणीस, साडेबावीस, साडेचोवीस. दहा-वीसच्या जागी अकरा-साडेबावीस आला. मला हे फार आवडलं. आमच्या बजाज चेतकच्या टायरचं माप साडेतीन-दहा होतं आणि एवढ्या आयुष्यात त्यामागे काही विचार असेल अशी शंका मला आली नव्हती.

चेतकचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिला एक जादा चाक होतं. मेहुण्यांच्या चाळीस फुटी गाडीला नाही! दोन टीव्ही आहेत, कपडे धुवायचं यंत्र आहे, बर्फ पाडणारा फ्रिज आहे, जादा चाक नाही. ते चाक इतकं जड, की साठी ओलांडलेल्या माणसानं महामार्गाच्या कडेला ते बदलणं शक्यच नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी तो प्रश्नच काढून टाकला. टायर गेला की फोन करायचा आणि कुणीतरी टायर घेऊन येईपर्यंत आपल्याच दिवाणखान्यात बसून राहायचं.

म्हणूनच मापाला महत्त्व. अकरा-आर-साडेबावीस किंवा २९५/७५ आर २२.५ ही मालट्रकांची रोजची मापं. नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांत मध्यरात्री अडकलात तरी कुणाकडे तरी निघतात. पण मोटरहोमवाल्यांनी मधल्या काळात काही नाजूक मापंही पसंत केली आहेत, २३५/८० किंवा २५५/८० अशी. ती मिळायला दिवस जातात. माझ्या मते टायरचा पहिला गुण म्हणजे तो दुसऱ्या कुणाकडेही असावा. मेहुण्यांच्या यादीत हा गुण बराच खाली होता.

त्यांच्या यादीत सगळ्यात वर होतं २९५/८० आर २२.५. म्हणजे आताच्यापेक्षा वीस मिलीमीटर रुंद. कारण काय, तर मोठा टायर जास्त वजन पेलतो. दुसरं कारण त्यांनी मला एकट्याला सांगितलं. दादर-पुणे शिवनेरी बसला हेच माप असतं. गेल्या भारतवारीत लोणावळ्याच्या थांब्यावर, बाकीचे प्रवासी वडापाव घेत असताना, मेहुणे वाकून चाकं वाचत होते. शिवनेरीला जे चालतं ते आपल्याला का चालू नये, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

याचं उत्तर त्यांनाच ठाऊक होतं आणि तेच त्यांना झोपू देत नव्हतं. २७५च्या ऐंशी टक्के २२०, दोन्ही बाजूंचे ४४०, त्यात रिमचे ५७१.५. झाले १०११.५ मिलीमीटर. २९५चं असंच केलं तर १०४३.५. टायर तीन टक्क्यांहून थोडा जास्तच उंच. म्हणजे वेगाचा काटा साठ दाखवत असताना गाडी जवळजवळ बासष्ट मैलांनी धावणार. सगळी गाडी सोळा मिलीमीटरनं वर उचलली जाणार. छतावर वातानुकूलन यंत्रं बसवलेली असल्यामुळे ही गाडी आधीच पुलांखालून जाताना श्वास आत ओढते. पुढची चाकं पूर्ण वळवली की रुंद टायर आतल्या पत्र्याला घासतो का तेही बघायचं. प्रत्येक टायरला रिमची ठरावीक रुंदी लागते, ती आपल्या रिमला आहे का. मोठ्या टायरांतले काही ताशी ६५ मैलांच्या वर चालवायचेच नसतात, तेही वाचायचं. आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे मागची जोडचाकं.

जोडचाकं हे एकत्र कुटुंब आहे. दोघे भाऊ एकाच आसाला बांधलेले, बाहेरच्याला जग बघतं, आतला कुणाला दिसत नाही, आणि आतल्याची हवा गेली तरी बाहेरचा काही न बोलता दोघांचं ओझं वाहतो, तापतो आणि एक दिवस फुटतो. म्हणून एकट्या टायरला जेवढं वजन पेलायची परवानगी असते, तेवढी जोडीतल्या प्रत्येकाला नसते. थोडी कमीच धरतात. दोघांच्या मध्ये फट लागते. वजन पडल्यावर टायरची कूस खाली फुगते, तेव्हाही ती फट राहिली पाहिजे. वीस मिलीमीटर रुंद टायर त्याच रिमवर चढवले तर तेवढीच फट खाल्ली जाते. कुशीला कूस लागली की घासणं, घासलं की उष्णता आणि पुढचं सगळं पोलिसांच्या पंचनाम्यात.

हे सगळं मेहुण्यांनी मला कागदावर काढून दाखवलं, स्वतःच्याच बाजूचा मुद्दा स्वतःच खोडला आणि संध्याकाळी पुन्हा म्हणाले, "पण शिवनेरीला..."

ताई या काळात काय करत होती? अधिवेशनाला न्यायच्या सामानाची यादी.

माप बरोबर असलं म्हणजे टायर बरोबर असतो असंही नाही. गुडइयरचा जी-१५९ नावाचा टायर होता, २७५/७० आर २२.५. शहरात माल पोचवणाऱ्या ट्रकांसाठी बनवलेला. तो मोटरहोमवरही चढला. माप चोख बसत होतं. पण सामान पोचवणारा ट्रक चौकाचौकांत थांबतो आणि मोटरहोम भर उन्हात, भरल्या वजनानं, तासन् तास महामार्गावर पळते. १९९६ ते २००३ या काळातले हे टायर अखेर २०२२ साली, बरीच कोर्टकचेरी झाल्यावर, परत मागवले गेले. मेहुण्यांनी हे प्रकरण मला जेवणाच्या टेबलावर इतक्या बारकाव्यानं सांगितलं, की आमटी गार झाली.

शेवटी तिढा सोडवला तो वजनानं. टायर निवडायचा तर आधी गाडी किती जड आहे ते हवं. कारखान्यातून निघाली तेव्हाची नव्हे, आपण तिच्यात संसार कोंबल्यानंतरची. अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रकथांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात, १९७७पासून. आपण मालट्रकांच्या रांगेत उभं राहायचं, पुढची चाकं एका फळीवर, मागची दुसऱ्या फळीवर, मग खिडकीतून हात काढून बटण दाबायचं आणि खांबातल्या बाईशी बोलायचं. तिकीट आत दुकानात जाऊन घ्यायचं. त्यांच्या काट्यानं चूक केली आणि पोलिसांनी जादा वजनाचा दंड केला तर तो ते भरतात. हे ऐकून माझा ऊर भरून आला. आमच्या भाजीवाल्याला हे सांगायला हवं.

पाण्याची टाकी भरून जायची असते. एक गॅलन पाणी ८.३ पौंड, शंभर गॅलन म्हणजे काय होतं बघा. डिझेल भरून. माणसं बसवून. ताईला गाडीतून उतरू दिलं नाही. माझ्या आणि माझ्या सुपाऱ्यांच्या पिशवीसकट वजन झालं: पुढे साडेबारा हजार पौंडांच्या वर, मागे वीस हजारांच्या आसपास. पुढे दोनच चाकं आहेत हे लक्षात घ्या. प्रत्येकावर सव्वासहा हजार.

टायर किती वजन पेलतो त्यावरून त्याचा गट ठरतो. जुने टायर होते जी गटाचे. असा एक टायर एकट्यानं पेलतो सहा हजार पावणेदोनशे पौंड.

गाडी परत नेताना मेहुणे ताशी चाळीसच्या वर गेले नाहीत.

आणि हेही सरासरीचं गणित झालं. डावी-उजवी बाजू कधीच सारखी नसते. मोटरहोमवाल्यांच्या मेळाव्यांत प्रत्येक चाकाखाली वेगळा काटा सरकवून वजन करून देतात. अशाच एका मेळाव्यात कळलं, की आमचं पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा बरंच जड आहे. आसाच्या दोन्ही बाजूंना हवा सारखीच भरायची असते आणि ती जड बाजूला पुरेल एवढी भरायची असते. म्हणजे एका कोपऱ्यातल्या सामानापायी सगळ्या आसाचा हिशेब बदलतो.

मग सुरू झाली शोधमोहीम. मेहुण्यांचा संशय सरळ ओट्यावर. "तुझा तो दगडी ग्राइंडर," ते म्हणाले. ताईनं काही न बोलता न्हाणीघरातला वजनकाटा आणून मध्ये ठेवला. इडलीचा ग्राइंडर, खलबत्ता, तीन कुकर, कणकेची पिशवी, गोडा मसाला, लोणच्याच्या बरण्या, अधिवेशनात वाटायला केलेल्या चकल्यांचे डबे. एकेक चढवून मेहुणे वहीत मांडत गेले. बेरीज त्यांना हवी तेवढी होईना. शिवाय ओटा निघाला उजव्या बाजूला.

"आता खालचं उघडा," ताई म्हणाली.

या गाड्यांना पोटाखाली दोन्ही बाजूंनी मोठाले कप्पे असतात. पुढच्या डाव्या चाकामागचा कप्पा मेहुण्यांचा खासगी. त्यात निघालं ते असं: वीस टनी जॅक (चाक स्वतः बदलायचं नाही असं ठरलेलं असताना), पान्यांच्या तीन पेट्या, हवेचा पंप, त्या पंपाला बिघाड झाला तर दुसरा पंप, इंजिन ऑइलचे कॅन, गाडी समतल करायला सागाच्या फळ्या, एक दुर्बीण तिच्या लोखंडी तिवईसकट, आणि त्यामागे, नीट सुतळीनं बांधलेले, खोक्यांत भरलेले दिवाळी अंक. भारतातून दरवर्षी मागवलेले, वाचलेले, न टाकलेले. सॅन होजेला कुणा ग्रंथालयाला द्यायचे होते म्हणे. कागदाचं वजन ज्यानं कधी घर बदललंय त्याला विचारा. त्या खोक्यांत दोन-तीन लेख माझेही होते, त्यामुळे मी या विषयावर मत देण्याचं टाळलं.

ताईनं ओट्यावर परत जाऊन ग्राइंडर जागच्या जागी ठेवला. तिच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात ते उरत नाही.

आता सगळं स्वच्छ झालं होतं. माप २७५/८०च, रिमला चालतं, फट राहते, काटा खरं बोलतो, पूल डोक्यावरून जातो. फक्त गट जी ऐवजी एच. म्हणजे तोच टायर, पण आतून अधिक तगडा, जास्त हवा सोसणारा. अट एवढीच, की रिमनेही तेवढी हवा सोसली पाहिजे. तिच्यावर तेही कोरलेलं असतं आणि मेहुण्यांनी ते आधीच पालथं पडून वाचलं होतं. दिवाळी अंक मागच्या आसावर, पलंगाखाली, उजवीकडे. दुर्बीण घरी.

ट्रकचे टायर बसवणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदारानं गाडीत चढून आसनाजवळची चकती वाचली, खाली उतरला आणि माप सांगितलं. २७५/८० आर २२.५, एच. "तुमच्या गाडीला पुढे वजन दिसतंय," असं तो वर म्हणाला. मेहुण्यांनी हिवाळाभर भरलेली वही काखेत होती. ती त्यांनी उघडली नाही. निघताना मात्र सहाही टायरांचे चार-चार आकडे वाचल्याशिवाय त्यांनी पैसे दिले नाहीत, आणि त्यात एक टायर दोन वर्षं गोदामात बसलेला निघाला. तो बदलून घेतला. वहीचे पैसे तेवढ्यात वसूल झाले असं मी त्यांना सांगितलं आणि ते खरंही होतं. चार हजार डॉलरच्या वर बिल देऊन शिळा टायर घरी नेणं मला तरी जमलं नसतं.

मग हवा. टायरच्या कुशीवर छापलेला आकडा म्हणजे एवढी भराच असा हुकूम नव्हे. कमाल वजन असेल तर एवढी लागते, इतकंच. आपल्या वजनाला किती, ते कंपनीच्या तक्त्यात बघायचं, आणि मोजायची ती गार टायरमध्ये, गाडी हलायच्या आधी. तापलेल्या टायरची हवा चढलेली असते, ती सोडायची नसते. अधिवेशनाला निघालो त्या पहाटे मेहुणे पायजम्यावर, कपाळाला बॅटरी बांधून, सहा चाकांभोवती फिरत होते. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं खिडकीतून बघून हात केला. त्याच्याही दारात मोटरहोम होती आणि त्याच्याही कपाळाला बॅटरी होती.

टायर फुटला नाही. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला ग्रेपव्हाइनचा लांबलचक उतार आहे, तिथे मागून चकल्यांचा एक डबा पडला, बाकी काही नाही. दिवाळी अंक ग्रंथालयानं घेतले नाहीत. त्यांच्याकडे ते सगळे होते. मेहुण्यांनी ते परतीच्या प्रवासासाठी पुन्हा पलंगाखाली नीट उजवीकडे लावले.

परत आल्यावर ऊन लागू नये म्हणून टायरांना झाकणं घालायचा विषय निघाला. बाजारात ती टायरच्या व्यासाप्रमाणे मिळतात, आणि आमचा १०११.५ मिलीमीटरचा टायर नेमका दोन मापांच्या मध्ये येत होता. मेहुण्यांनी नवी वही काढली. ताई शिवणाचा टेप घेऊन बाहेर गेली, एका चाकाला गुंडाळून आली आणि गाडीचे जुने पडदे, ज्यांचा रंग तिला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता, कापायला बसली.

"अगं, माप किती आलं?" मेहुण्यांनी आतून ओरडून विचारलं.

"लागतंय तेवढं," ताई म्हणाली. "तुम्ही ते मशीनमध्ये तेल घालून द्या आधी."